पणजोबांचं साल आणि त्या सालचा पाऊस : वंशावळीत काळ कसा भरावा

वंशावळ लिहायला घेतलेल्या बहुतेकांचं काम नावांपाशी येऊन थांबतं. खापरपणजोबांपर्यंत नावं मिळतात, एखाद-दुसरं साल मिळतं आणि पुढे पान कोरं राहतं. पण त्या कोऱ्या पानावर लिहिण्यासारखं पुष्कळ सापडतं. त्या वर्षी मृग पडला की नाही, ज्वारी घरात आली की रानातच करपली, गावात कोणती साथ होती, माणसं गाव सोडून कुठे गेली. यातलं बरंच आजही शोधता येतं. कसं, ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी इथे लिहितो आहे.

एक पथ्य मात्र पहिल्यापासून पाळा : त्या माणसाच्या दारापर्यंत जे पोचलं, तेवढंच घ्या. पणजोबा जन्मले तेव्हा व्हाइसरॉय कोण होता, हे लिहिल्याने पान भरतं, पणजोबा कळत नाहीत. त्याच वर्षी तालुक्याच्या गावी धान्याचा भाव काय होता हे लिहिलंत, तर आठवड्याचा बाजार करून परतणारी पणजी दिसू लागते. घटना किती मोठी होती यापेक्षा ती त्या घरापासून किती जवळ होती, याला महत्त्व द्या.

आधी साल पक्कं करा

घरातल्या वयस्कर माणसाला "तुमचा जन्म कधीचा?" असं विचारलं तर कागदावरची तारीख सांगतील, आणि ती बहुतेक वेळा १ जून असेल. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने टाकलेली ती तारीख. त्या पिढीत १ जूनला जन्मलेली माणसं गावोगाव भेटतात. म्हणून साल विचारू नका, "कशाच्या आधी, कशाच्या नंतर" असं विचारा. "पानशेत फुटलं तेव्हा बाबा रांगत होते." "आत्याचं लग्न बाहत्तरच्या दुष्काळात झालं, जेवायला मिलोच्या भाकरी होत्या." "भूकंप झाला तेव्हा मी पोटात होते, असं आई सांगायची." या वाक्यांना तारखा आहेत. पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटलं. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर. मराठवाड्यात "रझाकाराच्या टायमाला" म्हटलं की १९४७-४८, आणि "पोलीस ॲक्शन" म्हणजे सप्टेंबर १९४८. रायगडच्या किनाऱ्यावर "रामदास बोट बुडाली त्या साली" म्हणजे १७ जुलै १९४७. सातारा, सांगली, कोल्हापूर भागातल्या काही घरांत "अठ्ठेचाळीसची जाळपोळ" ही खूण निघते. गांधीजींच्या खुनानंतर जी ब्राह्मण घरं जळाली, त्यांचे जुने कागद का सापडत नाहीत, तेही तिथेच कळतं.

साल मिळालं की ऋतू विचारा. बाळंतपण सुगीत झालं की आखाडात? बाळंतिणीच्या खोलीत पाणी गळत होतं का? माहेरहून माणूस आला तो ओढ्याला पूर असल्यामुळे उशिरा आला का? बायकांच्या आठवणीत हे तपशील पक्के बसलेले असतात. आजी, मावशी, आत्या यांच्याकडे पुरुषांपेक्षा आधी जा.

मग कागद. गावाच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये असतात, काही भागांत त्या "कोतवाल बुक" नावाने मिळतात. कुणबी नोंदींच्या शोधात गेल्या काही वर्षांत ही बाडं पुष्कळ ठिकाणी बाहेर निघाली आहेत. बरीच मोडीत आहेत, वाचून देणारे मोडी जाणकार तालुक्याच्या गावी भेटतात. शाळेचं जनरल रजिस्टर पाहा. मृत्यूचं साल हवं असेल तर वारसाचा फेरफार काढा. मरणानंतर वर्ष-दोन वर्षांत जमिनीवर वारसांची नावं चढतात आणि फेरफारात मयताची तारीख पुष्कळदा लिहिलेली असते. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत तुमच्या घरचं कोण कोणत्या वर्षी येऊन गेलं, याच्या नोंदी असू शकतात. कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडची घरं असतील तर हेळव्यांना, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांगणाऱ्यांना, विचारा.

शके, फसली आणि इसवी

जुन्या कागदांवर इसवी सन क्वचित असतो. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण शक बदलतो गुढीपाडव्याला. म्हणून जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथीला ७९ मिळवायचे. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ ची, म्हणून ती १६३० मध्ये येते. राज्याभिषेक शके १५९६ चा, ज्येष्ठातला, म्हणून १६७४. या दोन तारखा ध्यानात ठेवल्या तर ७८ की ७९ हा घोळ होत नाही.

संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं, नाव दिलं असेल तर ते तपासायला वापरा. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, जी बाकी उरेल तितवं संवत्सर, प्रभवपासून मोजून. बाकी शून्य आली तर साठावं, म्हणजे क्षय. शके १५९६ ला बाकी ४८ येते आणि अठ्ठेचाळिसावं संवत्सर आनंद. राज्याभिषेकाच्या नोंदीत आनंदनाम संवत्सर आहेच. तुमच्या बाडात शक आणि संवत्सर जुळले नाहीत, तर नक्कल करणाऱ्याने कुठेतरी आकडा चुकवला आहे. अशा वेळी माझा भरवसा नावावर जास्त असतो, कारण लिहिताना आकडा चुकण्याचा संभव अधिक. तिथीबरोबर वार दिला असेल तर तोही पडताळा. "अधिक श्रावण" असं लिहिलं असेल तर फारच बरं, अधिक मास मोजक्याच वर्षी येतो. १९४७ साली अधिक श्रावण होता, १५ ऑगस्ट त्याच महिन्यात आला.

मराठवाड्यातल्या कागदांवर फसली साल आणि आजूर, दै, बहमन असे महिने दिसतील. निजामाच्या राज्यात फसली साल ऑक्टोबरात सुरू व्हायचं. सालात ५९० मिळवले की त्या ऑक्टोबरचा इसवी सन येतो. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ पासूनचं वर्ष. पेशवाईपर्यंत मागे गेलात तर शुहूर सन भेटेल, त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवा.

पत्रिकेत जन्मवेळ घटी-पळांत असेल तर ती बहुधा सूर्योदयापासून मोजलेली असते. एक घटी २४ मिनिटांची. घड्याळाची वेळ असेल तर ती कोणत्या घड्याळाची, हे बघा. देशाची प्रमाणवेळ १९०६ साली आली, पण मुंबई शहरात तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे असलेला "मुंबई टाइम" त्यानंतरही कित्येक दशकं चालला. शिवाय सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात, युद्धामुळे, देशभरची घड्याळं तासभर पुढे होती. त्या तीन वर्षांत जन्मलेल्या काकांची "सकाळी सहा" ही वेळ खरी पाच वाजताची असू शकते.

कोणत्या घटना घ्यायच्या

महाराष्ट्रातल्या घरांसाठी १८७६ ते १९२० हा काळ सर्वांत जड आहे. या चव्वेचाळीस वर्षांत दुष्काळ आणि साथी इतक्या लागून आल्या की त्या काळातला जन्म, मृत्यू किंवा स्थलांतर यांतलं काहीही त्यांच्याशिवाय समजत नाही.

१८७६ ला दख्खनमध्ये परतीचा पाऊस आला नाही. सोलापूर, नगर, सातारा, पुणे, विजापूर या पट्ट्यात खरीप गेला, रब्बी पेरताच आली नाही आणि १८७७ भर माणसं दुष्काळी कामांवर होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेने दुष्काळी गावांची माहिती गोळा करून सरकारला पत्रामागून पत्रं पाठवली. ती छापलेली आहेत आणि त्यांत तालुकावार तपशील आहे. सरकारी बाजू जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत मिळते. नगर आणि सोलापूरचे खंड १८८४ चे, पुणे-साताऱ्याचे १८८५ चे. प्रत्येकात शेतीच्या प्रकरणात दुष्काळांचा इतिहास आहे, म्हणजे घटनेनंतर जेमतेम आठ-नऊ वर्षांत लिहिलेला. तुमचं घर या पट्ट्यातलं असेल तर पहिलं वाचन हेच करा. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ जवळजवळ पाठोपाठ आले. दुसरा विक्रम संवत १९५६ चा, म्हणून गुजरात-राजस्थानात "छप्पनिया". तिकडून आलेल्या व्यापारी घरांच्या आठवणींत हाच शब्द ऐकू येईल.

प्लेग सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात उघड झाला. तो ओळखणारे डॉक्टर अकासिओ व्हिएगस मूळचे गोव्याचे. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून गावी गेली. वंशावळ लिहिणाऱ्याला याचा थेट उपयोग आहे. बाप गिरणीत कामाला, आधीची मुलं मुंबईत जन्मलेली आणि मधलंच एक मूल १८९७ ला रत्नागिरीच्या खेड्यात जन्मलेलं, असं कोडं बाडात दिसलं तर उत्तर बहुधा इथे आहे. पुण्यात १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच आजाराने गेल्या. घरझडत्यांचा संताप पेटून २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. पुण्या-मुंबईत १८९६-९७ ला असलेल्या घराच्या दारात हे सगळं येऊन गेलेलं आहे. पण तुमचे पणजोबा तेव्हा सावंतवाडीकडच्या एखाद्या वाडीत असतील तर रँडचा उल्लेख गाळा. त्या वाडीत प्लेग कधी पोचला ते शोधा. साथ पुढे कैक वर्षं फिरत राहिली आणि प्रत्येक गावाचं प्लेगचं साल वेगळं आहे. माणसं घरं सोडून शेतात झोपड्या बांधून राहिली, ही आठवण अनेक घरांत टिकलेली असते. तिचं साल तेवढं लावावं लागतं.

आणि १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. गावाकडे तिला मानमोडी म्हणत. पहिली लाट जूनमध्ये मुंबईत आली, ती तुलनेने सौम्य होती. दुसरी सप्टेंबरात सुरू झाली आणि तिने ऑक्टोबर-नोव्हेंबरात गावंच्या गावं रिकामी केली. देशभरात सव्वा कोटीहून अधिक माणसं गेली. १९११ ते १९२१ हे एकच दशक असं आहे की ज्यात जनगणनेत देशाची लोकसंख्या घटली. त्याच वर्षी पाऊसही बुडाला होता, देशाचा पाऊस सरासरीच्या सुमारे चौथा हिस्सा कमी. म्हणजे साथ आली तेव्हा घरात धान्य नव्हतं आणि कापायला जे थोडं उभं होतं, ते कापायला धडधाकट माणूस नव्हता. वंशावळीत "पहिली बायको वारली, लगेच दुसरं लग्न" अशी नोंद १९१८-१९ ची असेल, तर त्यामागे तान्ही पोरं सांभाळायला कुणी उरलं नव्हतं हे असू शकतं. पणजोबांना घाईचा दोष देण्याआधी हे साल बघा.

आकाशातल्या घटनाही कामाच्या, कारण त्यांची तारीख घटकाभरही हलत नाही. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण, शके १८१९ ची पौष अमावास्या, महाराष्ट्रातून गेलं. विजयदुर्ग आणि करमाळ्याजवळचं जेऊर इथे शास्त्रज्ञांचे तळ पडले होते. "भर दिवसा अंधार झाला त्या साली" असं त्या पट्ट्यातल्या घरात सांगत असतील तर दुसरं काही शोधू नका. १९१० च्या मे महिन्यात हॅलेचं शेंडेनक्षत्र दिसलं, त्याच वर्षी जानेवारीतही एक तेजस्वी धूमकेतू दिसला होता. म्हणून "शेंडेनक्षत्राच्या साली" म्हणजे १९१०, पण महिना पक्का धरू नका.

लग्नांच्या तारखांत दोन गोष्टी बघा. चातुर्मासात लग्न दिसलं तर तारीख पुन्हा तपासा. आणि १९२९-३० च्या हंगामात अगदी लहान वयातलं लग्न दिसलं तर बालविवाहाविरुद्धचा शारदा कायदा आठवा. तो १ एप्रिल १९३० पासून लागू होणार होता आणि त्याआधी मुलामुलींची लग्नं उरकून घ्यायची देशभर घाई झाली.

पाऊस कसा शोधायचा

हा भाग मला सर्वांत जवळचा आहे, आणि लोक सर्वांत जास्त इथेच कंटाळा करतात. शेतकऱ्याच्या घरी वर्ष कसं गेलं, हे पावसाने ठरवलेलं असतं. मुलगी कोणत्या वर्षी उजवली, बैल कधी विकला, सावकाराकडे जमीन कधी गहाण पडली, याचा धागा पुष्कळ वेळा मागच्या पावसाळ्यात सापडतो.

सुरुवात मोठ्या पट्ट्यापासून करा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, विभागवार मासिक पावसाचे आकडे १८७१ पासून जुळवलेले आहेत. कोकण, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ असे विभाग त्यात वेगळे मिळतात. हवं ते वर्ष, त्याच्या आधीचं आणि नंतरचं, अशी तीन वर्षं उतरवून घ्या. नुसता वार्षिक आकडा घेऊ नका. जूनमध्ये भरपूर पाऊस आणि पुढे ऑगस्ट कोरडा, असं वर्ष बेरजेत चांगलं दिसतं, पण शेतात बुडालेलं असतं.

मग गावाकडे या. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईला आलं की हजारसुद्धा नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी त्याच शहरात कुलाब्याला ७३. म्हणून विभागाचा आकडा गावाला चिकटवू नका. इंग्रजी अमलात पर्जन्यमापक मामलेदार कचेरीत असे, त्यामुळे तालुक्याचे आकडे सरकारी अहवालांत मिळतात. ते इंचांत आणि सेंटमध्ये आहेत. शंभर सेंटचा एक इंच आणि एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. हवामान खातं १८७५ साली सुरू झालं, त्याचे रोजचे हवामान अहवाल १८७८ पासूनचे आहेत. जुन्या नोंदी पुण्यातल्या त्यांच्या माहिती केंद्राकडे मागता येतात.

एखाद्या विशिष्ट दिवसाची हवा हवी असेल, म्हणजे लग्नाचा दिवस किंवा जन्माची रात्र, तर १९४० नंतरच्या तारखांसाठी ईआरए-५ ही संगणकाने मागच्या नोंदींवरून पुन्हा बांधलेली हवामानमालिका फुकट पाहता येते. त्याआधीच्या तारखांसाठी विसाव्या शतकाची अशीच एक मालिका १८३६ पर्यंत मागे जाते. दोन्ही अंदाज आहेत हे विसरू नका. ईआरए-५ मध्ये एक चौकोन सुमारे तीस किलोमीटरचा, म्हणजे महाबळेश्वर आणि वाई जवळजवळ एकाच चौकोनात. थंडीची लाट, मोठं वादळ, आठवडाभराची झड यांसाठी ती भरवशाची. वळवाची एक सर मात्र तिच्यात शोधू नका.

आकड्यांना गावची भाषा द्या. आजी "तरण्या पावसात" म्हणाली तर ते पुनर्वसू, जुलैचा पहिला पंधरवडा. "म्हाताऱ्या पावसात" म्हणजे पुष्य, त्याच्यापुढचे दोन आठवडे. "हत्तीचा पाऊस" म्हणजे हस्त, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. मृग आता ७-८ जूनला लागतो, दीडशे वर्षांपूर्वी तो एक-दोन दिवस आधी लागायचा. रब्बीच्या पट्ट्यात हस्ताला फार मोल आहे. सोलापूरकडच्या घरासाठी ऑक्टोबरचा आकडा जुलैपेक्षा जास्त बोलतो.

आणि एक कागद बहुतेकांच्या हातात असूनही वाचला जात नाही : जुना सात-बारा. त्यातल्या पीकपाहणीच्या रकान्यात कोणत्या वर्षी कोणतं पीक होतं, किती पड होती, हे वर्षागणिक लिहिलेलं असतं. बाहत्तरच्या ओळीत "पड" लिहिलेलं दिसलं की वेगळा पुरावा लागत नाही.

वर्तमानपत्रं शेवटी चाळा, कारण त्यांत माणूस हरवून जातो. अहमदनगरचा ज्ञानोदय १८४२ पासून, पुण्याचा ज्ञानप्रकाश १८४९ पासून, केसरी १८८१ पासून. तालुक्याच्या बातमीपत्रांत पाऊसपाणी, भाव, रोगराई अशा चार-चार ओळी असतात. तारीख पक्की झाल्यावर तिच्या पुढे-मागे पंधरा दिवसच वाचा.

लिहिताना

समजा, बाडात एवढंच आहे : "शके १८४० कालयुक्तनाम संवत्सरे आश्विन वद्य ५, काकू वारली." शक आणि संवत्सर जुळतात, कारण १८५२ ला ६० ने भागून बाकी ५२ आणि बावन्नावं संवत्सर कालयुक्त. आश्विन म्हणजे पाडव्यानंतर, म्हणून ७८ मिळवून १९१८. तिथीवरून २४ ऑक्टोबरच्या आसपासचा दिवस येतो, दिवाळी दहा-बारा दिवसांवर. मानमोडीचा भर तोच.

इथे थांबा. काकू मानमोडीने गेली असं अजून लिहू नका. मृत्यूच्या रजिस्टरात तिची नोंद काढा, कारणाचा रकाना वाचा. तिथे नुसतं "ताप" असेल. मग त्या नोंदीच्या आधीची आणि नंतरची पानं वाचा. एरवी महिन्याला दोन-चार नोंदी करणारा पाटील त्या महिन्यात पानामागून पानं भरत असेल, वयं वीस ते चाळीस असतील, एकाच घरातली दोन-तीन नावं असतील, तर मग लिहा. बाळंतपणात गेली असेल तर तसं लिहा. साथीच्या काळातही बायका बाळंतपणात जात होत्या.

माझी लिहिण्याची रीत अशी आहे. प्रत्येक वाक्यापुढे समासात एक अक्षर टाकतो. "का" म्हणजे कागदावरून, "सां" म्हणजे सांगण्यावरून, "अं" म्हणजे अंदाज. मजकूर असा होतो : "काकू आश्विन वद्य पंचमीला वारली (का). त्या महिन्यात गावात बरीच माणसं तापाने गेली (का). त्या सालचा पाऊस तालुक्यात कमी होता, ज्वारी उंच झालीच नाही (का). धाकटा मुलगा तेव्हा अंगावर पीत होता, त्याला मावशीने वाढवलं (सां). काकूला बहुधा मानमोडी झाली (अं)." पुढच्या पिढीत कुणाला नवा कागद सापडला तर त्याला शेवटचं वाक्य तेवढं बदलावं लागेल. सांगणाऱ्याचं नाव आणि सांगितल्याची तारीखही त्याच पानावर खाली टाका. आणि वयस्कर माणसांची यादी करून, सर्वांत मोठ्यापासून, या महिन्यातच भेटी सुरू करा. कागद पुढच्या वर्षीही मिळतील.